प्रियाची कॉमिक्स : मुलांच्या हाती आधी कोणतं पुस्तक द्यावं?



पाचवी ते आठवीच्या कुठल्याही वर्गात एक प्रश्न विचारून बघा. "तुम्हाला कोणकोणते सुपरहिरो माहीत आहेत?" स्पायडरमॅन, बॅटमॅन, हल्क, आयर्न मॅन, क्रिश, शक्तिमान... फळ्यावर जागा पुरत नाही. मग विचारा, "आणि यात मुली किती?" वंडर वुमनचं नाव येतं, एखादी मुलगी सुपरगर्ल म्हणते आणि गाडी तिथेच थांबते. "आपल्या देशातली एखादी?" असं विचारलं की वर्ग शांत!

अशी एक नायिका आहे. तिचं नाव प्रिया. तिच्यावर काही कॉमिक्स निघाली आहेत आणि ती इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. तरीही आपल्या शाळांमध्ये ती फारशी कुणाला ठाऊक नाही. आजचा लेख तिच्याविषयी आहे. पण ती कोण, एवढं सांगून भागणार नाही. तिची पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचायची हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे. तो क्रम चुकला तर काय होतं, हे मी स्वतःच्या वर्गात बघितलं आहे.

माझी चूक आधी सांगते

काही वर्षांपूर्वी मी सातवीच्या वर्गात प्रोजेक्टरवर प्रियाचं पहिलं पुस्तक लावलं. वाघावर बसलेली मुलगी, भडक रंग, शंकर-पार्वती, सगळं ओळखीचं वाटलं. पुस्तक मी वरवर चाळलं होतं, नीट वाचलं नव्हतं. चार-पाच पानं मजेत गेली. मग कथा त्या वळणावर आली. मुलं हसायची थांबली. मी घाईने पुढची पानं सरकवली आणि "हे आपण नंतर बघू" म्हणाले. एक मुलगी तास संपेपर्यंत खाली मान घालून बसली होती.

तिच्या मनात काय चाललं होतं ते मला आजही माहीत नाही. पण मी काय केलं ते मला माहीत आहे. ज्या विषयावर "बोला, लाजू नका" असं ते पुस्तक सांगतं, तोच विषय मी तिच्यासमोर घाईघाईने झाकून टाकला. त्यानंतर मी त्यातली चार पुस्तकं दोन-दोन वेळा वाचली आणि मगच पुन्हा वर्गात नेली. पुढे जे लिहिते आहे ते त्यातून आलेलं आहे.

प्रिया कोण?

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमध्ये एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला आणि देशभर लोक रस्त्यावर उतरले, हे आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या दिवसांत राम देविनेनी हे भारतीय वंशाचे अमेरिकन माहितीपटकार दिल्लीत होते. आंदोलनाच्या ठिकाणी ते एका पोलिसाशी बोलले. चांगल्या घरची मुलगी रात्री एकटी फिरत नाही, अशा अर्थाचं त्या पोलिसाचं उत्तर होतं. कायदा कितीही कडक केला तरी हा विचार डोक्यातून कसा काढायचा, हा प्रश्न देविनेनींना पडला. तरुणांपर्यंत पोचायचं तर भाषण नको, गोष्ट हवी, असं त्यांनी ठरवलं. डिसेंबर २०१४ मध्ये 'प्रियाज शक्ती' हे पहिलं कॉमिक आलं. चित्रं डॅन गोल्डमन या अमेरिकन चित्रकाराची.

प्रिया ही खेड्यातली साधी मुलगी. तिला शिक्षिका व्हायचं आहे. (हे वाचून मला गलबलून आलं, खोटं कशाला सांगू!) पण घरचं काम कोण बघणार म्हणून वडील तिची शाळा सोडवतात. ती मोठी होते आणि गावातले पुरुष तिच्यावर सामूहिक बलात्कार करतात. घरचे आधार देण्याऐवजी तिलाच दोष देऊन बाहेर काढतात. जंगलात एक वाघ तिच्या मागावर असतो. ती पार्वतीची भक्त आहे. देवी तिची हाक ऐकते आणि तिला बळ देते. मग ज्या वाघाला ती घाबरत होती त्याच्यासमोर ती उभी राहते आणि तोच वाघ तिचं वाहन होतो. वाघाचं नाव आहे साहस.

पुढे काय? इतर कॉमिक्स वाचलेल्या मुलांना वाटतं, आता ती गुन्हेगारांना बदडून काढणार. तसं होत नाही. ती गावात परत येते आणि बोलते. बायकांना बोलतं करते. मुलामुलींना सारखं शिकवा, बाईला मान द्या आणि अन्याय झाला तर गप्प बसू नका, असं ती सांगते. बोलणं आणि दुसऱ्याचं मन वळवणं हीच तिची शक्ती. वर्गात चर्चेला घेण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट मला हीच वाटते.

चार पुस्तकं, थोडक्यात

१) प्रियाज शक्ती (२०१४) : वर सांगितलेली कथा. फोनचा कॅमेरा पानांवर धरला की चित्रं हलतात, असं तंत्रही यात वापरलं होतं. मुंबईत या मालिकेची भित्तिचित्रंही रंगवली गेली.

२) प्रियाज मिरर (२०१६) : अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या बायकांची गोष्ट. अहंकार नावाच्या राक्षसाने त्यांना आपल्या किल्ल्यात ठेवलं आहे. बाहेर जग बोट दाखवतं म्हणून त्यांनाही ती कैदच बरी वाटू लागली आहे. प्रिया त्यांना आरशासमोर उभं राहण्याचं धैर्य देते. या पुस्तकाच्या लेखनात देविनेनींबरोबर पारोमिता व्होरा होत्या. प्रत्यक्ष हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांचे अनुभव ऐकून ते लिहिलेलं आहे.

३) प्रिया अँड द लॉस्ट गर्ल्स (२०१९) : प्रिया गावी येते तर गावातल्या तरुण मुली नाहीशा झालेल्या, तिची बहीण लक्ष्मीसुद्धा. राह नावाच्या राक्षसाच्या भूमिगत नगरीत त्यांना देहविक्रीसाठी नेलं आहे. विरोध करणाऱ्या बायकांचे तिथे दगड होतात. सुटून घरी आलेल्या मुलींकडे गावच पाठ फिरवतं, हा भाग मनाला फार लागतो.

४) प्रियाज मास्क (२०२०) : करोनाच्या काळातली गोष्ट. प्रिया मीना नावाच्या एका लहान मुलीशी मैत्री करते आणि दवाखान्यांत राबणारी माणसं किती काय सोसत आहेत ते तिला दाखवते. पुढे विषाणूशी लढताना तिच्या मदतीला जिया येते. हे पुस्तक लघु अ‍ॅनिमेशनपटाच्या रूपातही आहे आणि त्याला विद्या बालन आणि आपल्या धुळ्याची मृणाल ठाकूर यांचे आवाज आहेत.

ही जिया कोण, हे मुलांना जरूर सांगा. पाकिस्तानात २०१३ साली 'बुर्का अ‍ॅव्हेंजर' नावाची उर्दू कार्टून मालिका सुरू झाली. गायक हारून यांनी ती निर्माण केली. तिची नायिका जिया दिवसा शाळेत शिक्षिका असते. मुलींची शाळा बंद पाडायला कुणी आलं की ती बुरखा घालून लढायला उतरते, आणि तिची हत्यारं कोणती? पुस्तकं आणि पेन! या मालिकेला पीबॉडी हा मानाचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे बघा, एकीला शिक्षिका व्हायचं होतं आणि होऊ दिलं नाही, दुसरी शिक्षिका आहे आणि शाळा वाचवते आहे. सीमेच्या दोन बाजूंच्या या दोघी एका कॉमिकमध्ये एकत्र येतात.

मग सुरुवात कुठून?

माझं उत्तर : मुलांनी या चारांतल्या शेवटच्या पुस्तकापासून, मोठ्यांनी पहिल्यापासून.

- शिक्षक आणि पालक : आधी 'प्रियाज शक्ती' स्वतः एकट्याने वाचा. तासाभराचंही काम नाही. पण ते वाचल्याशिवाय बाकीचं काहीही मुलांना देऊ नका. मुलं कधी ना कधी "पण प्रियाला शक्ती मिळाली कशी?" असं विचारणारच. त्या वेळी तुमच्याकडे उत्तर हवं.

- साधारण दहा ते बारा वर्षं (पाचवी ते सातवी) : 'प्रियाज मास्क'. ही गोष्ट स्वतंत्रपणे समजते. आधीचं काही वाचलेलं नसलं तरी अडत नाही. वाघ आहे, उडणं आहे, दोन नायिका आहेत. करोना घरोघरी येऊन गेलेला असल्यामुळे बोलायलाही भरपूर मिळतं.

- तेरा-चौदा वर्षं (आठवी-नववी) : 'प्रियाज मिरर', मोठ्या माणसाबरोबर. या वयात चेहरा, रंग, मुरमं यावरून चिडवाचिडवी जोरात असते. "नाही" हे उत्तर पचवता न येणं म्हणजे काय, हे मुलग्यांशी बोलायचं वयही हेच. विषय कठीण आहे, पण झेपतो.

- चौदा-पंधरा वर्षांनंतर : 'प्रियाज शक्ती'. आधीची दोन पुस्तकं वाचून प्रिया ओळखीची झालेली असते. मग तिच्या बाबतीत काय घडलं ते कळलं तरी तिच्याकडे मुलं 'बिच्चारी' म्हणून बघत नाहीत. या उलट्या क्रमाचा हा सर्वात मोठा फायदा मला दिसला.

- सर्वांत शेवटी, दहावीनंतर : 'प्रिया अँड द लॉस्ट गर्ल्स'. हे वर्गात सामूहिक वाचनासाठी घेऊ नये असं माझं मत आहे. पालकांनी किंवा समुपदेशकांनी सोबत बसून वाचावं.

वयं मी अंदाजाने दिली आहेत. तुमची मुलं तुम्हाला जास्त माहीत. शंका असेल तर एक वर्ष थांबा, काही बिघडत नाही.

'प्रियाज मास्क'चा एक तास

मी घेते तसा तास इथे देते. चाळीस मिनिटं पुरतात.

पहिली पाच मिनिटं : फळ्यावर सुपरहिरोंची यादी आणि समोर प्रत्येकाची शक्ती. मुलं भराभर सांगतात.

पुढची पंधरा मिनिटं : वाचन. एकेका मुलाला एकेक पात्र द्या. हिंदी आवृत्ती घेतली तर मुलं सहज वाचतात, अडलेला शब्द मराठीत सांगा. कॉमिक वाचायचीही रीत असते, ती शिकवा. आधी चित्र बघा, मग फुगा वाचा. दोन चौकटींच्या मध्ये काय घडलं असेल ते विचारा. जे चित्रात नाही ते मनात भरून घेणं हा आकलनाचा फार चांगला सराव आहे. पाठ्यपुस्तकातल्या धड्याला घाबरणारं मूलही इथे हात वर करतं.

पुढची दहा मिनिटं : चर्चा. माझे प्रश्न असे असतात :
- मीनाला प्रियाने काय दाखवलं? ते नुसतं तोंडी सांगितलं असतं तर चाललं असतं का?
- प्रिया आणि जिया वेगळ्या देशांतल्या, वेगळ्या धर्मांतल्या. मग त्या एकत्र का आल्या?
- फळ्यावरच्या यादीत 'दुसऱ्याची काळजी घेणं' ही शक्ती कुणाकडे आहे?

शेवटची दहा मिनिटं : उपक्रम. चार चौकटींचं कॉमिक काढायचं. नायक-नायिका आपल्या गावातली हवी. आशाताई, नर्स, कचरागाडीवरचे काका, पाणी सोडणारे दादा, कुणीही. पहिल्या चौकटीत माणूस, दुसरीत अडचण, तिसरीत त्याने काय केलं, चौथीत त्यानंतर काय बदललं. चित्र चांगलं आलंच पाहिजे असा आग्रह नको. काड्यांची माणसं चालतात.

माझ्या वर्गात एका मुलाने स्वतःच्या आईला काढलं. ती दवाखान्यात फरशी पुसते. त्याआधी त्याने कधीही आईचं काम वर्गात सांगितलं नव्हतं.

'प्रियाज मिरर' घेताना

हा तास एकट्याने घेऊ नका. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना बोलवा, नसतील तर दुसऱ्या शिक्षिकेला बसवा. मुख्याध्यापकांना आणि पालकांना आधी सांगा. मुलगे आणि मुली वेगळे करू नका. हा विषय मुलींना सावध करण्यापुरता नाही. आधी तर तो मुलग्यांनी ऐकायचा आहे.

सोबत एवढी माहिती द्या. लक्ष्मी अगरवाल यांच्यावर २००५ मध्ये त्या अल्पवयीन असताना अ‍ॅसिड फेकलं गेलं. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विकणाऱ्याने ओळखपत्र बघायचं, नोंद ठेवायची, अठरा वर्षांखालच्यांना विकायचंच नाही. त्याच वर्षी अ‍ॅसिडहल्ला हा कायद्यात स्वतंत्र गुन्हा झाला. त्याला किमान दहा वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अ‍ॅसिडहल्ल्यातल्या पीडितांचा समावेश आहे. मुलांना हे कळलं पाहिजे की राक्षसाचं नाव 'अहंकार' असलं तरी प्रत्यक्षात त्याला तुरुंग असतो.

एक नियम पाळा. "असं तुमच्या ओळखीत कुणाला झालंय का?" हा प्रश्न भर वर्गात कधीही विचारू नका.

एखादं मूल काही सांगू लागलं तर

अशी पुस्तकं वाचली की कधीतरी एखादं मूल तासानंतर रेंगाळतं. "बाई, एक सांगू?" म्हणतं. त्या क्षणासाठी तयारी असेल तरच ही पुस्तकं हातात घ्या.

- पूर्ण ऐका. मध्ये "का गेलीस?", "तेव्हाच का नाही बोललीस?" असं विचारू नका. गोष्टीतल्या प्रियाच्या घरच्यांनी तेच केलं होतं.
- "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी यात काही चूक नाही" हे स्पष्ट शब्दांत सांगा.
- "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते आपल्यालाही लागू आहे. न कळवणं हा गुन्हा ठरतो. "तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन" असं म्हणा.
- मुलाचं नाव स्टाफरूममध्ये फिरता कामा नये. त्याची ओळख उघड करणं हाही कायद्याने गुन्हा आहे.
- १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास आणि मोफत आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२. हे दोन आकडे वर्गाच्या भिंतीवर कायम लावून ठेवा.

काही मर्यादा

पुस्तकं चांगली आहेत म्हणून डोळे मिटून घेऊ नयेत.

पहिल्या पुस्तकात देवदेवता आहेत. सगळ्या धर्मांची मुलं वर्गात असतात. म्हणून ती आपण 'गोष्टीतली पात्रं' म्हणूनच समजावून सांगावीत. 'मास्क'मध्ये जियाची सोबत असल्याने हा प्रश्न आपोआप सौम्य होतो. सुरुवात तिथून करण्याचं हेही एक कारण.

दुसरं, मुलं विचारतात, "देवी आली नसती तर प्रियाने काय केलं असतं?" अगदी बिनतोड प्रश्न! त्याचं उत्तर पुस्तकात शोधू नका. देवी यायच्या आधी तिच्या आईने, शेजारणीने, शिक्षकांनी काय करायला हवं होतं, असं त्यांनाच उलट विचारा. चर्चेतला सगळ्यात चांगला भाग मला नेहमी इथेच मिळाला आहे.

तिसरं, गाव एका गोष्टीत बदललेलं दिसतं. खरं गाव इतक्या लवकर बदलत नाही. आणि असे प्रकार फक्त खेड्यात होतात असा समज मुलांचा होऊ देऊ नका, विशेषतः शहरातल्या मुलांचा.

पालकांसाठी दोन शब्द

मोबाईलवर पुस्तक उघडून मुलाच्या हातात देऊन स्वयंपाकाला लागू नका. शेजारी बसा. वडिलांनी बसलं तर फारच छान, कारण बहुतेक घरांत हे विषय आईवर सोपवलेले असतात. एका दिवसात संपवायची घाई नको. मूल मध्येच "पुरे" म्हणालं तर पुस्तक बंद करा आणि "पुन्हा वाचावंसं वाटलं की सांग" एवढंच म्हणा. मूल पुढे दोन दिवसांनी, आठ दिवसांनी, भाजी निवडताना किंवा स्कूटरवर मागे बसलेलं असताना अचानक काहीतरी विचारेल. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा.

त्या सातवीच्या वर्गाला मी पुढच्या वर्षी पुन्हा भेटले, आठवीत. या वेळी 'प्रियाज मास्क'पासून सुरुवात केली आणि त्यांना सांगितलंही, "मागच्या वर्षी मी पानं सरकवली होती, ते चुकलं माझं." वर्ग जरा चपापला. बाई चूक कबूल करतात हे त्यांना नवीन होतं. ती खाली मान घालून बसलेली मुलगी या वेळी खिडकीजवळ बसली होती. तास संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "मॅडम, पहिलं पुस्तक कधी वाचायचं?"

"नववीत," मी म्हटलं. "आपण दोघी आधी वाचू, मग वर्गात."

तुम्ही हा प्रयोग केलात तर तुमचा क्रम आणि मुलांचे प्रश्न मला जरूर कळवा.